शिलाईच्या सामानाचा डबा उघडा ठेवून मापायचा

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की आई विश्रामबागला घरीच ब्लाउज शिवते, सगळं सामान बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकावर एक कोंबलेलं, आणि तुला कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टला त्याच सामानासाठी छोटा कप्प्यांचा डबा डिझाईन करायचाय. किती मोठा, कप्पे किती, झाकणात मॅग्नेट बसवू का, आणि थ्रीडी प्रिंट करू का प्लायचा. तुझं ड्रॉइंग पण बघितलं, 22 कप्पे, 3 मजले, दोन्ही बाजूला पंखासारखे उघडणारे ट्रे. दिसायला छानच आहे, खोटं कशाला बोलू, पण आई 8 दिवसांत सगळं परत बिस्किटाच्या डब्यात ओतणार बघ.

मी सांगलीत खणभागात 24 वर्षं ब्लाउज शिवते, क्लास पण घेते, आणि या 24 वर्षांत डबे किती बदलले विचारू नको. एवढं कळलंय की डबा बंद असताना किती लहान आहे हे विकणाऱ्याच्या कामाचं, शिवणाऱ्या बाईला तो उघडल्यावर किती जागा खातो त्याच्याशी मतलब असतो. कारण बंद डबा काय कपाटात पण राहतो, उघडा मात्र मशीनवरच ठेवावा लागतो आणि मशीनच्या फळीवर जागा असते कुठे? डावीकडे कापड पसरलेलं, पुढ्यात बाही नाहीतर पाठ, मागे भिंत, उजवीकडे चाकाच्या पलीकडे वीतभर जागा उरते तेवढीच, आणि तिथेच चहाचा कप पण असतो.

तुझ्यासारखाच 3 मजली डबा मी एकदा एका प्रदर्शनातून हौसेनं आणला होता. बंद केला की टिफिनएवढा. उघडला की दोन्हीकडचे ट्रे फळीच्या बाहेर लोंबायचे. लगीनसराईत एक बाई माप द्यायला आल्या, वळताना त्यांचा पदर ट्रेला अडकला आणि अख्खा डबा खाली. हुक, आय म्हणजे हुक अडकवायच्या कड्या, टिचबटणं, मोती, टिकल्या, सगळं फरशीवर एक झालं, मी आणि क्लासची एक मुलगी रात्री उशिरापर्यंत परातीत घेऊन तांदूळ निवडल्यासारखं निवडत बसलो. तेव्हापासून पंखवाला डबा मी दारात उभा करत नाही.

बिजागरीच्या झाकणाचं पण तेच, मागे उघडलं तर भिंतीला लागतं, बाजूला उघडलं तर डब्याएवढीच जागा परत खातं. म्हणून झाकण पूर्ण निघणारं कर, मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला असतं तसं, वरून टोपीसारखं बसणारं, आणि उघडलं की तेच उलटं करून डबा त्यात ठेवायचा. म्हणजे उघडा काय बंद काय, जागा जवळपास तेवढीच. आपल्याकडच्या जुन्या बायका सुई-दोरा चंचीत ठेवायच्या ना, ती पण याच हिशोबानं भारी, उघडली की सपाट, गुंडाळली की कनवटीला. फक्त चंचीत खडूचा भुगा होतो आणि बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या चाकाचा, दोरा सुटतो, नाहीतर मी तुला डबा करूच नको म्हणाले असते.

आता कप्पे. सामानाची यादी करून प्रत्येकाला एक घर द्यायचं हीच चूक सगळे करतात. आधी एक संध्याकाळ आईजवळ वही घेऊन बस, ती एक ब्लाउज पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवेपर्यंत हात कशाकशाला किती वेळा जातो त्याच्या नुसत्या रेघा मार. तिला काही विचारू नको, विचारलं की बायका जे करायला पाहिजे ते सांगतात, जे करतात ते नाही. तुला दिसेल की दोरा कापायच्या कटरला हात सारखा जातोय, त्याखालोखाल टाचण्या, मग खडू, मग बॉबिन. हुकांना हात जातो तो सगळ्यात शेवटी, हातशिलाईला बसल्यावर, आणि तेव्हा ती मशीनवर नसतेच, दारात उजेडाला नाहीतर टीव्हीसमोर बसलेली असते. म्हणजे हुकाचा कप्पा पुढे आणि मोठा असायची गरजच नाही, आणि कटर मात्र न बघता हाताला लागला पाहिजे. नजर सुईवर असते रे, डब्याकडे बघायला वेळ नसतो, हात आंधळाच जातो.

काही गोष्टी डब्यात घालूच नको. मोठी कात्री, 9-10 इंची, ती घालायला गेलास तर सगळा डबाच तिच्या मापाचा होईल. माझी मेरठची आहे, खिळ्याला टांगलेली, तिला कागद कापायला कुणी हात लावला तर मी बोलते. टेप पण नको, 60 इंची टेप शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात असतो, डब्यात गेला तर शोधावा लागतो. फॉल, अस्तराचे तुकडे, लेस, कॅनव्हास हे कापडाच्या पिशवीत. आणि खडू डब्यात आला तरी त्याची स्वतःची झाकणाची डबी पाहिजे, मलमाची रिकामी डबी चालते, नाहीतर त्याची पूड सगळ्या काळ्या दोऱ्यांवर बसते आणि मग काळ्या ब्लाउजवर पांढरे ठिपके.

आता माप. आतलं माप 200 बाय 157 मिलिमीटर आणि खोली 30 धर, म्हणजे छोट्या वहीएवढा लांबरुंद आणि दोन बोटं जाड. कसं आलं ते सांगते, तुला रिपोर्टमध्ये लिहायला पण होईल.

पुढच्या कडेला, म्हणजे आईच्या बाजूला, 35 मिमी रुंद एक लांब पन्हाळ डब्याच्या पूर्ण लांबीभर. त्यात डावीकडून 150 मिमी जागा कटर, छोटा स्क्रूड्रायव्हर, 15 सेमीची पट्टी असल्या लांब वस्तूंना, मग 2 मिमीची भिंत, आणि उजवीकडे उरलेल्या 48 मिमीत टाचण्यांची गादी. पट्टी नेमकी 150 ची घेशील तर बसणार नाही, स्टीलच्या पट्टीला टोकाला थोडं जास्त असतं, तेवढं टोक कापून घे, तिच्यासाठी डबा वाढवू नको. वाकळ शिवायचं दाभण पण इथेच आडवं, टोकावर बुच खोचून.

पन्हाळीच्या मागे 2 मिमीची भिंत, आणि तिच्या मागे 120 मिमी खोल पट्टा उरतो. त्यात डावीकडून 80 मिमी रिळांना. सगळे डबेवाले रीळ उभं ठेवतात आणि तिथंच उंची वाढते. माझ्याकडची नेहमीची छोटी रिळं 57 मिमी लांब आणि 25 च्या आत जाड भरतात. उभी ठेवलीस तर डबा 60 चा होणार, आडवी ठेवलीस तर निम्म्यात, आणि रंग पण अख्खा दिसतो, उभ्याचं नुसतं डोकं दिसतं. 3 रिळं शेजारी शेजारी 75, त्यांच्या मागे अजून 3, लांबीत 114 आणि मधली भिंत 2. झाली 6 रिळं. आई म्हणेल 6 मध्ये काय होतंय, माझ्याकडे 60 रंग आहेत. ते 60 असू देत की पिशवीत, डब्यात पांढरा, काळा, करडा हे 3 कायमचे, आणि बाकीच्या 3 जागा चालू कामाच्या रंगांना. करडा हसण्यावारी नेऊ नकोस, आतल्या शिलाईला तो कितीतरी रंगांत लपून जातो. आणि रंग जुळवताना कापडापेक्षा किंचित गडद दोरा घ्यायचा असतो, रिळावर गडद दिसतो पण एकेरी शिलाईत फिका पडतो. हे विषयाच्या बाहेरचं झालं, असू दे.

रिळांच्या शेजारी 2 ची भिंत आणि मग 24 मिमी रुंद एक खाच, बॉबिनची. घरगुती काळ्या मशीनची बॉबिन व्यासाला 20 च्या जरा वर आणि जाडीला पावणेबाराच्या आसपास असते, म्हणजे 120 च्या खाचेत 10 बॉबिन चाकासारख्या ओळीनं उभ्या राहतात. खाच जास्त रुंद करू नको, बॉबिन सैल बसली की लवंडते, लवंडली की दोरा सुटतो, आणि 3 बॉबिनचे दोरे एकमेकांत गेले की चिमणीचं घरटं होतं, सोडवायला बसणारी बाई तुझं नाव काढणार, आणि चांगल्या अर्थानं नाही.

उरले 92 मिमी, त्यात मधे 2 ची भिंत, 45 चे दोन उभे पट्टे, आणि मागे-पुढे परत भिंत, म्हणजे 45 बाय 59 च्या 4 वाट्या. वाटी मी मुद्दाम म्हणते. तुझ्या ड्रॉइंगमध्ये कप्पे 25 बाय 25 चे, काटकोनी. त्यात हुक घाल आणि काढून दाखव बरं. दोन बोटं आणि अंगठा आत जायलाच 40 पाहिजेत, आणि काटकोनी कोपऱ्यात गेलेला हुक नखाला लागत नाही, डबा उलटा करून आपटावा लागतो. मसाल्याच्या डब्यात चौकोनी कप्पे का नसतात, गोल तळाच्या वाट्याच का, ते आत्ता घरी जाऊन चमचा फिरवून बघ. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे 10-12 मिमीची गोलाई दे, म्हणजे बोटानं ओढलं की हुक वर सरकत येतो. वाट्या सुट्या निघणाऱ्या केल्यास तर सोन्याहून पिवळं, हातशिलाईला बसताना हुकाची वाटी तेवढी उचलून न्यायची.

4 वाट्यांत काय? एकीत हुक आणि आय एकत्र, वेगळे करू नको, ते जोडीनंच लागतात. दुसरीत टिचबटणं नि साधी बटणं. तिसरीत सेफ्टी पिना, चेनचा रनर, सुई ओवायची तार असलं किडूकमिडूक. चौथी रिकामी. खरंच रिकामी. शिवताना कापलेले दोरे, उसवलेले हुक, गिऱ्हाइकानं आणलेली त्याची स्वतःची बटणं, हे कुठे जाणार? जागा दिली नाहीस तर जिथे मिळेल तिथे जाणार आणि महिन्यात सगळे कप्पे एकसारखे होणार. माझ्या क्लासच्या मुलींचे डबे बघते ना मी, ज्यांच्या डब्यात रिकामी जागा असते त्यांचाच नीट राहतो.

सुयांचं जरा बैजवार सांगते, कारण तू त्या एका कप्प्यात मोकळ्या टाकल्यायस. असं करायचं नाही. मशीनच्या सुया त्यांच्या पाकिटातच राहू दे, नंबर पाकिटावर असतो, सुईवरचा बारीक अक्षरातला चष्मा लावून पण दिसत नाही. 11 नंबर पातळ, 14 मधली, 16 जाड, आणि 14 च्या सुईवर 90 लिहिलेलं असतं ते म्हणजे जाडी 0.9 मिलिमीटर. हातसुईचं मात्र बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई बारीक होत जाते, नवीन मुली इथे हमखास गोंधळतात. वापरात असलेल्या हातसुया आणि टाचण्या गादीत. गादीत फोम भरू नको, ओल धरतो आणि सुई टाचलेल्या जागीच गंजते. लोकरीच्या कापडाचे बारीक तुकडे दाबून भर, वरून पण लोकरीचंच कापड. आमच्या आजीच्या गादीत केस भरलेले होते, तेलकट केसांमुळे सुई गंजायची नाही, आणि शिवताना पण सुई मधेच डोक्यावरून फिरवायची. गादीचा माथा डब्याच्या काठाच्या 8 मिमी खाली ठेव, नाहीतर टाचण्यांची डोकी झाकणाला लागणार.

तुटलेल्या सुईला एक छोटी नळी पाहिजे, गोळ्यांची रिकामी बाटली चालेल, पन्हाळीत बसते. गारमेंट कंपन्यांत सुई तुटली की सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवतात आणि मगच नवीन सुई मिळते. घरी कोण करतंय एवढं. पण मी एकदा अर्धी तुटलेली सुई "नंतर टाकू" म्हणून तशीच अस्तराला टोचून ठेवली आणि ब्लाउज तसाच गेला. त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं टोक आणून हातावर ठेवलं माझ्या. परत आल्या नाहीत.

मॅग्नेट. तुला वाटतंय टाचण्या सांडणार नाहीत, बरोबर आहे, पण लोहचुंबकाजवळ राहिलेली स्टीलची सुई स्वतःच चुंबक होते, मग एक उचलली की तीन येतात, कात्रीला चिकटतात, हुक हुकाला चिकटतो. डब्यात मॅग्नेट नको, झाकणाच्या लॉकला पण नको. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोरीला बांधून भिंतीला टांग, संध्याकाळी फरशीवरून फिरवायचं, सगळ्या टाचण्या गोळा. पितळेचे हुक मात्र त्याला येत नाहीत, ते वाकूनच उचलायचे.

मग झाकण घट्ट कसं राहणार? इथे खरी मेख आहे. हा डबा आई क्लासला नाहीतर बहिणीकडे नेणार, पिशवीत आडवा-उभा होणार, एसटीत मिरजेपर्यंत हादरे खाणार. झाकण आणि आतल्या भिंती यांच्यात 1 मिमीची जरी फट राहिली तरी चपटे आय एका वाटीतून दुसरीत जातात. म्हणून झाकणाच्या आतून 5 मिमीचा मऊ ईव्हीए फोम, म्हणजे स्पंजासारखा रबरी पत्रा, चिकटव, तो भिंतींवर दाबून 3 वर येतो आणि प्रत्येक कप्प्यात 2 मिमी उतरतो. आणि ज्या वस्तू बुटक्या आहेत त्यांचा तळ वर घे, रिळांखाली 3 मिमी, बॉबिनखाली 8, म्हणजे सगळ्यांची डोकी काठाच्या साधारण 2 मिमी खाली येतात आणि फोम त्यांना हलू देत नाही. मी फोम गादीत नको म्हणाले आणि इथे घाल म्हणते, कारण इथे त्यात सुई टोचलेली राहत नाही.

बाहेरून लॉक म्हणून प्लास्टिकची कडी नको, ती वर्षभरात तुटते आणि एकदा तुटली की डबा गेला. नेफ्याचं इंचभर रुंद इलास्टिक घे. डब्याचा आडवा घेर साधारण 40 सेमी येईल, इलास्टिक 34 सेमी काप, 2 सेमी जोडात जाईल. सैल झालं की आई स्वतःच दुसरं शिवेल. बाकी कुठला पार्ट तिला घरी दुरुस्त करता येणार आहे सांग.

मटेरियल. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, नको, सांगलीच्या पावसाळ्यात फुगतो आणि झाकण अडकतं. 4 मिमीचा प्लाय चांगला पण भिंती जाड होतात, वर दिलेली सगळी मापं परत करावी लागतील, आणि वाटीची गोलाई जमणार नाही. थ्रीडी प्रिंट कर, 2 मिमी भिंत, डब्याचं बाहेरचं माप 204 बाय 161 येतं, झाकण सगळीकडून 0.4 मोकळं ठेवलंस तरी 209 च्या आत, म्हणजे प्रिंटरच्या 220 मिमीच्या बेडवर दोन्ही बसतात. फक्त पीएलए, म्हणजे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, वापरू नको. ते 60 अंशाला मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या स्कूटीच्या डिकीत काय होतं माहितीये ना. जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लास्टिक घे. आतला रंग फिका पिवळा नाहीतर आकाशी, पांढऱ्यावर सुई दिसत नाही, गडद रंगावर काळे हुक दिसत नाहीत. पारदर्शक झाकणाचा मोह सोड, खिडकीत राहिलं तर उन्हानं दोरा विटतो आणि कमजोर पण होतो.

अगदी हवाबंद करायच्या मागे पण लागू नको. 2019 च्या पुरात इर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा सामान वर टांगून आम्ही बाहेर पडलो. परत आलो तर जे डबे घट्ट बंद होते त्यातलेच हुक जास्त गंजलेले, ओल आत शिरली ती बाहेर आलीच नाही. कागदाच्या पुडीतले त्यापेक्षा बरे निघाले. गंजलेली टाचणी धुवून वापरू म्हटलं तर कापडावर तांबडा डाग, आणि तो डाग निघत नाही. म्हणून झाकणाची साधी टोपी पुरते, आत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाक, झालं.

प्रिंट करायच्या आधी साड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक कर, याच मापाचा. भर, इलास्टिक लाव, उलटा करून जोरात हलव आणि उघड. हुक हुकाच्याच वाटीत असले तर पुढे जा. मग तो पुठ्ठ्याचा डबा 10 दिवस आईला वापरू दे, डावखुरी असेल तर गादी उजवीऐवजी डावीकडे घ्यावी लागेल, तेही तेव्हाच कळेल.

आणि सगळ्यात आधी आईच्या मशीनची बॉबिन मोज. काळी मशीन असेल तर माझं माप चालेल, पण मोटरची स्पीड मशीन घेतली असेल तर तिची बॉबिन पातळ असते, 9 मिमीच्या आसपास, मग त्याच खाचेत 13 बसतील. दोन्ही मशीन घरात असतील तर खाचेत मधे एक भिंत घाल, त्या दोन बॉबिन एकत्र झाल्या की चुकीची बसते आणि टाका सुटतो.